ओळंबा नावाचं माणूस

घरात तिला सगळे आत्या म्हणत. खरं तर ती एकट्या भाचीची आत्या, पण पोरीच्या तोंडून ऐकून ऐकून वहिनीही आत्या म्हणायला लागली, आणि शेवटी सहा वर्षांनी मोठा सख्खा भाऊसुद्धा "आत्या, माझा चष्मा पाहिलास का?" असं विचारू लागला. नाट्यगृहाच्या कपडेपटात मात्र ती 'बाई' होती. सत्तावीस वर्षं तिथे ती नटनट्यांचे कपडे बेतत होती. याशिवाय तिला तिसरं एक नाव होतं, ते घरात कुणाला धड ठाऊकही नव्हतं. ते नाव होतं टाचणी.

झालं होतं असं, की आठ वर्षांपूर्वी कपडेपटात एक कंप्युटर आला. त्यात कपड्यांचे नमुने आखायचं सॉफ्टवेअर होतं. माणसाची मापं भरली की पडद्यावर पाठ, बाही, कॉलर असे तुकडे उमटत. ते कागदावर छापायचे आणि त्यावरून कापड कापायचं. आत्याने जन्मभर खडूने रेघा मारलेल्या. तिला ते नसतं लचांड वाटलं. पहिल्याच आठवड्यात एका सेनापतीच्या कोटाची कॉलर काही केल्या गळ्याला मिळेना. तेव्हा कुणीतरी सांगितलं, की कंपनीच्या वेबसाइटवर एक मदतमंच आहे. तिथे प्रश्न टाकला की जाणकार लोक उत्तरं देतात. नाव काय लावायचं असं विचारलं गेलं, तेव्हा समोर टाचण्यांची डबी होती, म्हणून तिने टाचणी लिहिलं. वीस मिनिटांत उत्तर आलं. देणाऱ्याचं नाव होतं ओळंबा, गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला बांधतो तो.

'कॉलर बरोबर आहे, गळा चुकला आहे. मी अशा वेळी आधी खांद्याची शिवण मोजतो. तुम्ही मोजा, मी थांबतो.'

तो खरंच थांबला होता. तिने मोजून आकडे लिहिले, त्याने पुढचं सांगितलं, आणि दुपारपर्यंत सेनापतीचा गळा जुळला. आत्याला वाटलं, पैलतीरावर कुणीतरी दिवा धरून उभं आहे. मग हळूहळू तीच दुसऱ्यांना उत्तरं द्यायला लागली. रोज सकाळी कामावर जाण्याआधी दीड तास, चहाचा कप शेजारी ठेवून.

"पगार कोण देतं तुला याचा?" दादा विचारायचा.

"कुणी नाही."

"मग साहेब कोण?"

"कुणी नाही."

"आणि चुकलं तर ओरडतं कोण?"

"सगळे," आत्या म्हणायची, आणि दादा हात टेकायचा.

गेल्या वर्षी तिच्या उजव्या डोळ्यासमोर धुकं यायला लागलं. डॉक्टर म्हणाले, वाढणार नाही, पण जाणारही नाही. घरी तिने चकार शब्द काढला नाही. आता कात्री खाली ठेवायची, असं मनाशी ठरवून टाकलं, आणि कुणाला तरी सांगायलाच हवं म्हणून एका सकाळी ओळंब्याला खासगी निरोप लिहिला. उत्तर आलं: 'टेबल कसं आहे? खिडकी डाव्या हाताला येईल असं फिरवून घ्यावं. काळ्या कापडावर आधी पांढऱ्या दोऱ्याने टाके घालावेत, मग कापावं. आणि संध्याकाळी कळवावं, काय काय कापलं ते.' आत्याने टेबल फिरवलं. तीन महिने ती रोज संध्याकाळी कळवत राहिली. झगा, दोन सदरे, परीचे पंख. कात्री खाली ठेवायची राहूनच गेली.

म्हणून जेव्हा कंपनीने मंचावरच्या चाळीस जाणकारांना दोन दिवसांसाठी आपल्या मुख्य कार्यालयात बोलावलं आणि जायचं-यायचं तिकीटही पाठवलं, तेव्हा आत्याच्या मनात एकच गोष्ट होती. ओळंब्याला एकदा डोळे भरून बघायचं.

ती पोचली तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि सगळीकडे दाट धुकं होतं. बस एका तळ्याच्या काठाने गेली, पण तळं दिसलंच नाही, नुसता पाण्याचा वास आला. मग धुक्यातून काचेची एक इमारत वर आली. आत गेल्यावरही धुकं संपलंय असं वाटेना. भिंती काचेच्या, जिना काचेचा, आणि पांढऱ्या गालिच्यावर कुणाच्याही पावलांचा आवाज होत नव्हता. आत्याला वाटलं, आपण अजून गाडीतच डुलक्या घेत आहोत.

दाराशी कंपनीची संयोजिका उभी होती, निळ्या जाकिटातली, सतत हसणारी. तिने प्रत्येकाच्या गळ्यात एकेक पट्टी अडकवली. पट्टीवर खरी नावं नव्हती, मंचावरची नावं होती.

आणि मग ते सुरू झालं. समोरून मिशाळ, पहिलवानासारखा एक माणूस आला. त्याच्या छातीवर लिहिलं होतं 'उलटी शिवण'. हा पाणबुड्यांचे पोशाख शिवायचा. आत्या गेली सहा वर्षं त्याच्याशी भांडत होती आणि तो काडीसारखा असेल असं समजत होती.

"तुम्ही टाचणी?" तो म्हणाला. "अहो, किती टोचलंय तुम्ही मला!" आणि त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले.

खिडकीपाशी खडू उभी होती, जिन्यावर काजं-बटण बसला होता. ज्यांची अक्षरं वर्षानुवर्षं ओळखीची, त्यांना अचानक नाकं, टकलं, आवाज फुटले होते. स्वप्नात कसं, माणूस अनोळखी असतं आणि तरी आपल्याला पक्कं ठाऊक असतं की हा आपला अमुक, तसं चाललं होतं. आत्या त्या गर्दीतून तरंगत चालली होती आणि छातीवरच्या पट्ट्या वाचत होती.

ओळंबा तिला सगळ्यात शेवटी सापडला. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक लहानखुरी म्हातारी बसली होती. राखाडी स्वेटर, मांडीवर पिशवी, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. पट्टीवर स्पष्ट लिहिलं होतं, ओळंबा. भोवती पाच-सात जणांनी कोंडाळं केलं होतं.

"आम्हाला वाटलं तुम्ही पुरुष असाल!" कुणीतरी म्हणालं.

"बऱ्याच जणांना वाटतं," म्हातारी म्हणाली आणि पिशवीचा बंद घट्ट धरला.

आत्या पुढे झाली. तिने आपली पट्टी दाखवली. म्हातारीने वाचलं, वर पाहिलं, आणि तिचे डोळे चटकन भरून आले.

"डोळा कसा आहे?" तिने हळूच विचारलं.

"बरा आहे, काकू," आत्या म्हणाली. काकू हा शब्द आपसूक आला. तिला जे काय काय बोलायचं होतं, ते सगळं एका पुरुषाशी बोलायचं होतं. ओळंबा म्हणजे काकू. बरं तर बरं. स्वप्नात आपण कुठे हटकतो कुणाला? पण मनाच्या तळाशी एक वाक्य हलत राहिलं: 'तुम्ही मोजा, मी थांबतो.' थांबतो. थांबते नव्हे.

अकरा वाजता सगळ्यांना एका सभागृहात बसवलं. प्रमुख इंजिनिअर व्यासपीठावर आला. भिंतीएवढ्या पडद्यावर त्याने नवी आवृत्ती दाखवली. बटण दाबलं की बाही आपोआप मुंढ्याला बरोबर बसणार. मुंढा म्हणजे अंगरख्याला बाही जोडायची ती गोल कड. आणि बाही त्या कडेला बसवणं म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. पडद्यावर दोन निळ्या रेघा एकमेकींकडे पोहत आल्या आणि अलगद एक झाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याच्या शेजारून एक हात वर गेला. काकूंचा.

"या बाहीतल्या माणसाला हात वर करता येणार नाही," काकू म्हणाल्या.

इंजिनिअर हसला. "आजी, दोन्ही रेघांची लांबी तंतोतंत जुळते. गणित बरोबर आहे."

"गणित बरोबर असेल. मी माणसाबद्दल बोलतेय."

सभागृहातल्या माना काकूंकडे वळल्या. मागून उलटी शिवणचा आवाज आला, "शिवूनच बघू या की!"

बाजूच्या खोलीत शिवणयंत्रं होतीच. काकूंनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या. पडद्यावरचा नमुना छापून आला, आत्याने पांढरं मांजरपाट कापलं, काकू यंत्रावर बसल्या. सगळे काचेला नाकं लावून बघत होते. बाहेर धुक्याचे पुंजके तळ्याकडून येत होते आणि आत यंत्राची टकटक चालली होती. काकूंचे हात कापडाखाली असे फिरत होते, जणू ते पाणीच आहे. पाऊण तासात अंगरखा तयार झाला आणि इंजिनिअरच्या अंगात चढवला गेला.

"आता फळ्यावर काहीतरी लिहा," काकू म्हणाल्या.

इंजिनिअरने हात उचलला. कोपर खांद्यापर्यंत आलं आणि तिथेच अडकलं. सगळा अंगरखा मात्र कानापर्यंत वर आला. तो तसाच उभा राहिला, बुजगावण्यासारखा. मग तो स्वतःच खो-खो हसत सुटला आणि अख्खी खोली हसली.

"कुठे चुकलं?" त्याने विचारलं. आता तो आजी म्हणाला नाही.

"काखेपाशी. बाहीची उंची कमी करावी, रुंदी वाढवावी. माणूस उभं असताना मापं घेता तुम्ही. माणूस उभं किती वेळ असतं?"

इंजिनिअर वहीत लिहून घेत होता. आत्याला आनंद झाला, आणि त्याच क्षणी काळजात काहीतरी लकाकलं. करावी. वाढवावी. टेबल फिरवून घ्यावं. दोऱ्याने टाके घालावेत. पूर्वीचा ओळंबा असं बोलत नसे. तो म्हणे मी मोजतो, मी थांबतो, मी असं करतो. हा 'मी' मंचावरून कधी नाहीसा झाला? दोन वर्षं? अडीच?

जेवणाच्या सुट्टीत दोघी सूपचे पेले घेऊन बाहेर आल्या. तळ्याकाठी एक बाक होता. धुकं आता वर उचललं होतं आणि पाण्याचा एक राखाडी पट्टा दिसत होता, पलीकडचा काठ मात्र नाही.

"काकू," आत्या म्हणाली, "रागावू नका. पण 'मी थांबतो' लिहिणारं माणूस कोण होतं?"

काकूंनी पेला बाकावर ठेवला.

"माझा नवरा," त्या म्हणाल्या. "गणवेशाच्या कारखान्यात मास्तर होते ते. मी तिथेच काजांच्या यंत्रावर, सव्वीस वर्षं. पुढे त्यांचे हात थरथरायला लागले. मग ते सांगायचे आणि मी टाइप करायची. मी म्हणायची, अहो, एवढं काय लिहायचं, थोडक्यात सांगा. ते म्हणायचे, पलीकडे माणूस कापड फाडून बसलंय, त्याला थोडक्यात चालत नाही."

"आणि मग?"

"अडीच वर्षं झाली त्यांना जाऊन."

आत्याने मनाशी हिशेब केला: डोळ्याचा निरोप गेल्या वर्षीचा होता.

"मी कळवायलाच मंच उघडला होता," काकू सांगत होत्या. "तिसऱ्या आठवड्यात. शब्द जुळवून ठेवले होते. पण उघडला तर एका मुलीचा प्रश्न येऊन पडलेला. तिच्या बहिणीचा कोट, दुसऱ्या दिवशी मुलाखत, आणि अस्तर उलटं कापलेलं. ती लिहीत होती, ओळंबा, आहात ना? आहात ना? चार वेळा. आता त्या पोरीला काय सांगू, की नाहीयेत? मी उत्तर दिलं. मला येत होतं ते. मग दुसरा आला, तिसरा आला. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता..." त्यांनी हात पसरले. "खोटं मात्र लिहिलं नाही हं. 'करतो' लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं, आणि 'करते' लिहिलं असतं तर सगळंच कळलं असतं. म्हणून सगळं करावं, पाहावं, घ्यावं. कधी कधी एक वाक्य बसवायला अर्धा तास लागायचा."

आत्याला हसूही आलं आणि कुठेतरी आत लागलंही. तिने एका माणसाला आपला डोळा सांगितला होता, आणि तो माणूस तेव्हा या जगात नव्हताच. ती उठली. "मी जरा फिरून येते," म्हणाली आणि काठाकाठाने चालायला लागली.

चालता चालता तिच्या मनात काय काय येऊन गेलं. आधी राग आला, आपल्याला बनवलं गेल्याचा. तो फार टिकला नाही. मग ते खिडकीकडे फिरवलेलं टेबल आठवलं, आणि रोज संध्याकाळी 'झगा, दोन सदरे' लिहिल्यावर येणारं ते छोटंसं उत्तर, 'छान. उद्या काय?' ते विचारणारं माणूस जिवंतच होतं. तिकडे कुठल्याशा स्वयंपाकघरात एकटं बसून ते दुसऱ्याच्या डोळ्याची चौकशी करत होतं, आणि त्याची स्वतःची चौकशी करायला कुणी नव्हतं. आपण तरी कधी विचारलं का, काकू, तुम्ही कशा आहात? विचारणार कुठून, आपण तर ओळंब्याला लिहीत होतो.

ती परत आली तेव्हा काकू तशाच बसल्या होत्या. सूप गार झालं होतं.

"चार वाजता ते सत्कार करणार आहेत म्हणे," काकू म्हणाल्या. "दहा वर्षांच्या सेवेबद्दल. त्यातली साडेसात माझी नाहीत. काय करू गं?"

"तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

"पळून जावंसं वाटतं."

"ते गाडीच्या वेळेवर आहे," आत्या म्हणाली. "आणि गाडी उद्या आहे."

काकू पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

चार वाजता उन्हाचा एक तिरपा पट्टा काचेतून आत आला आणि सभागृह मधासारखं पिवळं झालं. संयोजिकेने ओळंबा हे नाव पुकारलं. टाळ्या वाजल्या. काकू उठल्या आणि त्यांनी आत्याकडे पाहिलं. तेव्हा आत्या त्यांचं कोपर धरून बरोबर चालत गेली. त्यांच्या उंचीला ध्वनिक्षेपक खाली घ्यावा लागला.

"मी ओळंबा नाही," काकू म्हणाल्या. "ओळंबा माझे यजमान होते. ते अडीच वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून उत्तरं मी देते. त्यांच्या नावाने देते. तुम्हाला सांगितलं नाही, ही माझी चूक."

एवढंच बोलून त्या थांबल्या. संयोजिकेचं हसू प्रथमच मावळलं. हातातली सत्काराची काचेची फळी आता कुणाला द्यायची, हे तिच्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

"नियमाप्रमाणे एका नावामागे एकच व्यक्ती..." ती चाचरत म्हणाली.

तेव्हा मागे उलटी शिवण उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"गेल्या वर्षी माझ्याकडे एका पाणबुड्याच्या पोशाखाचं काम आलं होतं," तो म्हणाला. "पाठीला कुबड असलेला माणूस. कुणाकडेच त्याच्या मापाचा पोशाख नव्हता. मी अकरा दिवस ओळंब्याला प्रश्न विचारले. अकरा दिवस उत्तरं आली. ती कुणी दिली?"

"मी," काकू म्हणाल्या.

"तो माणूस आता पाण्यात उतरतो," उलटी शिवण म्हणाला. "मला एवढंच विचारायचं होतं." आणि खाली बसला.

मग खडू उठून उभी राहिली, नुसती उभी राहिली. मग काजं-बटण. एकेक करून सगळे. टाळ्या नव्हत्या. उभं राहून ते गेलेल्या माणसाला निरोप देत होते की समोरच्या बाईला मान देत होते, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. आत्याला समोर धूसर दिसायला लागलं, आणि या वेळी दोन्ही डोळ्यांना.

शेवटी इंजिनिअर पुढे आला. त्याने संयोजिकेच्या कानात काहीतरी सांगितलं. ठरलं ते असं: ओळंबा हे नाव मंचावर तसंच राहील, पण बंद, त्याची सगळी उत्तरं वाचायला मिळतील, खाली दोन ओळींत खरी हकीकत. काचेची फळी काकूंनी यजमानांच्या वतीने न्यायची, आणि मंचावर स्वतःचं वेगळं नाव घ्यायचं. इंजिनिअरने तिथेच कंप्युटर समोर ठेवला. "आणि ती बाहीची दुरुस्ती," तो म्हणाला, "तुम्ही तपासल्याशिवाय पुढे जाणार नाही."

नाव काय घ्यायचं यावरून संध्याकाळपर्यंत कल्ला चालला. कुणी काही सुचवलं, कुणी काही. काकूंनी सगळ्यांचं ऐकलं आणि 'अंगुस्तान' लिहिलं, शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते. पडद्यावर त्या नावाखाली उमटलं: नवीन सदस्य. उत्तरं शून्य. काकू त्या शून्याकडे कौतुकाने बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी एकाच बसने स्टेशनकडे निघाल्या. आकाश स्वच्छ होतं. येताना न दिसलेलं तळं आता सबंध दिसत होतं, पलीकडच्या काठावरच्या घरांसकट, आणि तरी ते खरं वाटत नव्हतं. काकू खिडकीशी बसल्या होत्या, काचेची फळी स्वेटरमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलेली.

आत्या शेजारी बसून तळं मागे जाताना बघत होती. तिला आठ वर्षं ओळखीचं असलेलं एक माणूस काल गेलं होतं. म्हणजे गेलं होतं अडीच वर्षांपूर्वीच, पण तिच्यासाठी कालच. आणि त्याचा चेहराही तिला माहीत नव्हता.

"काकू," ती म्हणाली, "कसे होते ते?"

काकूंनी मान वळवली. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नसावं, असं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"उंच होते," त्या म्हणाल्या. "माझ्या दुप्पट. कापताना शीळ घालायचे, आणि इतकी बेसूर, की कारखान्यातल्या पोरी कानात बोळे घालायच्या. चहा बशीत ओतून विसरून जायचे. आणि भांडखोर एवढे, की..."

बस चालली होती. बाहेर झाडांच्या सावल्या काकूंच्या चेहऱ्यावरून सरकत होत्या आणि त्या बोलत होत्या. मध्येच हसत होत्या, मध्येच पदराने नाक पुसत होत्या. आत्याने डोळे मिटून घेतले आणि ऐकत राहिली. हळूहळू तिला तो दिसायला लागला, टेबलावर वाकलेला, उंच, बेसूर शीळ घालणारा. स्टेशन आलं, लोक उतरले, ड्रायव्हरने वळून "शेवटचा थांबा, ताई" असं दोनदा सांगितलं. पण काकूंचं अजून पहिल्या भांडणापर्यंतच आलं होतं, आणि आत्याने हातानेच त्याला जरा थांबायची खूण केली.